दिव्याखालचा अंधार

इमारती, उद्याने आणि पदपथ यांच्या सुशोभीकरणात जमिनीत बसविलेल्या दिव्यांची सध्या चलती आहे. दिवसा नजरेआड राहणारे आणि रात्री वास्तू उजळविणारे हे दिवे निवडताना वॅट आणि किंमत पाहिली जाते. पाणी, माती, निचरा आणि देखभाल यांचा विचार मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होतो. तोवर पैसा जमिनीत गेलेला असतो.

शहर रात्री देखणे दिसावे, ही अपेक्षा नवी नाही. मात्र गेल्या दशकात या अपेक्षेला एलईडी तंत्रज्ञानाचे बळ मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने घरगुती आणि रस्त्यांवरील दिव्यांसाठी एलईडीच्या राष्ट्रीय योजना सुरू केल्या आणि पुढील काही वर्षांत या दिव्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या. पूर्वी इमारतीचा दर्शनी भाग उजळविण्यासाठी ७० किंवा १५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लागत. आता तेवढाच परिणाम एक तृतीयांश विजेत साधता येतो. वीज वाचली, हे खरे. पण प्रकाश स्वस्त झाला की तो अधिक ठिकाणी आणि अधिक वेळ वापरला जातो, हेही तितकेच खरे.

डिसेंबर २०२२ पासून जी-२० परिषदेच्या बैठकांच्या निमित्ताने मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या शहरांत सुशोभीकरणाची लाट आली. उड्डाणपूल, वाहतूक बेटे, पुतळे, वारसा वास्तू आणि झाडे रोषणाईने न्हाऊन निघाली. झाडांना गुंडाळलेल्या विद्युत माळांवरून नागरिकांनी हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२४ मध्ये न्यायालयाने मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर या महापालिकांकडून उत्तर मागविले. त्यानंतर मुंबई महापालिकेने झाडांवरील रोषणाई काढण्याचे आदेश दिले. माळा डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्यावर चर्चा झाली. जमिनीत पुरलेला दिवा दिवसा दिसत नाही. साहजिकच, त्याच्या निवडीवर, खर्चावर आणि सुरक्षिततेवर फारशी चर्चा होत नाही. खरे तर ती अधिक व्हायला हवी, कारण माळ एका दुपारी उतरविता येते, पण जमिनीतला दिवा काढायचा तर फरशी फोडावी लागते.

मागणी का वाढली?

या दिव्यांची लोकप्रियता निराधार नाही. खांबावरचा किंवा भिंतीवरचा दिवा दिवसाही दिसतो आणि वास्तूच्या रूपाला बाधा आणतो. जमिनीत बसविलेला दिवा फरशीच्या पातळीत राहतो. त्यावरून माणसे चालू शकतात, योग्य क्षमतेचा असेल तर वाहनही जाऊ शकते. जुन्या दगडी इमारतीच्या बाबतीत तर त्याची आणखी एक जमेची बाजू आहे. दगडात छिद्रे पाडून दिवे टांगण्यापेक्षा खालून प्रकाश टाकणे वास्तूसाठी कमी घातक ठरते. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि तेव्हापासून सूचीबद्ध इमारतींच्या दर्शनी भागात कोणताही बदल करताना परवानगीचा प्रश्न येतो. अशा ठिकाणी भिंतीला हात न लावता प्रकाश देण्याची सोय वास्तुरचनाकारांना आकर्षक वाटते, यात नवल नाही.

तथापि, या सोयीची किंमत जमिनीखाली मोजावी लागते. छतावरचा दिवा पावसात भिजतो आणि वाऱ्याने वाळतो. जमिनीतला दिवा चार महिने ओल्या मातीत उभा असतो. त्याची निवड करताना दिव्याचा माहितीपत्रक पाहणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम तो ज्या खड्ड्यात बसणार, त्या खड्ड्याचे असते. निविदेत पहिल्या भागाचे वर्णन पानभर येते आणि दुसरा भाग ‘बसविण्याच्या खर्चासह’ या दोन शब्दांत उरकला जातो. बहुतेक बिघाडांचे मूळ या दोन शब्दांत सापडते.

पाण्याशी गाठ

दिवा पाण्यापासून किती सुरक्षित आहे, हे सांगण्यासाठी ‘आयपी’ या आंतरराष्ट्रीय श्रेणीचा वापर होतो. तिच्यातील पहिला आकडा धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. आयपी ६७ म्हणजे दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तरी आत अपायकारक प्रमाणात पाणी शिरू नये. आयपी ६८ म्हणजे त्याहून कठीण परिस्थितीत, उत्पादकाने सांगितलेल्या खोलीवर आणि कालावधीपर्यंत, सतत बुडूनही दिवा टिकावा. म्हणजेच ‘आयपी ६८’ एवढे लिहिलेले पुरेसे नाही. किती खोली, किती वेळ, हे उत्पादकाकडून लेखी घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, जो खरेदी करणाऱ्यांच्या नजरेतून सहसा सुटतो. बुडवून केलेली चाचणी आणि जोरदार फवाऱ्याची चाचणी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आयपी ६७ची चाचणी उत्तीर्ण झालेला दिवा आयपी ६६ची, म्हणजे जोरदार झोताची चाचणी आपोआप उत्तीर्ण झाला, असे मानता येत नाही. ज्या चौकात टँकरच्या पाइपने फरशी धुतली जाते, तेथे दोन्ही श्रेणी स्वतंत्रपणे नोंदविलेला दिवाच घ्यायला हवा.

या चाचण्या प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात आणि नव्याकोऱ्या दिव्यावर होतात. प्रत्यक्षातले पाणी वेगळ्याच वाटेने आत शिरते. संध्याकाळी दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते. पहाटे तो विझला की हवा आकुंचन पावते आणि आत कमी दाब तयार होतो. हा दाब बाहेरची ओल आत ओढून घेतो. रबरी गास्केटला बारीकशी चीर असेल तर तेथून, आणि गास्केट शाबूत असेल तर केबलच्या तारांमधील सूक्ष्म पोकळीतून पाणी दिव्यापर्यंत पोहोचते. गरम काचेवर अचानक सर कोसळली की ही क्रिया अधिकच वेगाने घडते. काचेच्या आत धुके दिसू लागले, की काही महिन्यांत दिवा बंद पडणार हे निश्चित समजावे. म्हणून चांगल्या दिव्यात केबल आत शिरते त्या ठिकाणी पाणी अडविणारा बंद जोड असतो, किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी रोखणारी झडप असते. किमतीतील फरक बऱ्याचदा या न दिसणाऱ्या भागांमुळे पडतो आणि सर्वात कमी दराच्या निविदेत हेच भाग गाळले जातात.

दिव्याखालचा निचरा हा त्याहून महत्त्वाचा विषय आहे. दिव्याच्या डब्याखाली साधारण वीस ते तीस सेंटिमीटर खडीचा थर असावा, त्यातून पाणी झिरपून जावे आणि जेथे जमीन पाणी धरून ठेवते तेथे खडीतून निचऱ्याची नळी काढून ती पर्जन्यवाहिनीला जोडावी, असा या कामाचा साधा संकेत आहे. प्रत्यक्षात खड्डा खणून डबा ठेवला जातो आणि भोवती सिमेंट काँक्रीट ओतले जाते. मग तो खड्डा म्हणजे बुडाला भोक नसलेली कुंडीच ठरते. मुंबईत पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली होती. अशा शहरात निचरा नसलेल्या खड्ड्यातील कोणताही दिवा फार काळ तग धरणार नाही, मग त्यावर कोणताही आकडा छापलेला असो.

कोकणपट्टीबाहेर प्रश्न वेगळा आहे. विदर्भ आणि मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने दिव्याचा डबा तिरका होतो, फरशीच्या वर येतो किंवा केबलची नळी जोडातून सुटते. तेथे डब्याभोवतीची काळी माती काढून मुरूम आणि खडीचा भराव करणे आणि केबलला थोडी ढील ठेवणे आवश्यक ठरते. मुंबईत उत्तम चाललेला दिवा नांदेड किंवा अकोल्यात फसला, तर दोष दिव्याचाच असेल असे नाही.

जिवाचा प्रश्न

पाणी आणि वीज एकत्र आले की प्रश्न देखाव्याचा राहत नाही. जून २०२३ मध्ये नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या आवारात साचलेल्या पाण्यातून जाताना विजेच्या खांबाचा स्पर्श होऊन एका महिलेचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूत पदपथावर पडलेल्या जिवंत वाहिनीवर पाय पडून आई आणि तान्ह्या मुलीला प्राण गमवावे लागले. या दोन्ही दुर्घटना जमिनीतल्या दिव्यांमुळे घडलेल्या नव्हेत. पण पादचाऱ्याच्या पायाखाली वीज असणे म्हणजे काय, याची त्या आठवण करून देतात. जमिनीत बसविलेल्या दिव्यावरून लहान मुले अनवाणी धावतात, कुत्री-मांजरे बसतात, पावसात सारेच चालतात.

यावर उपाय ज्ञात आहेत. पहिला उपाय कमी दाबाच्या विजेचा. २३० व्होल्टऐवजी विलग ट्रान्सफॉर्मरमधून १२ किंवा २४ व्होल्टचा पुरवठा केल्यास दिव्यात पाणी शिरले तरी प्राणघातक धक्क्याची शक्यता जवळजवळ संपते. ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर जमिनीखाली न ठेवता पुराच्या पातळीच्या वर, कोरड्या पेटीत ठेवता येतो. त्यामुळे तो थंड राहतो, अधिक टिकतो आणि बदलायला फरशी उचकटावी लागत नाही. मात्र कमी व्होल्टला लांब केबलमध्ये विजेचा दाब घटतो आणि शेवटचे दिवे मंद दिसतात. त्यामुळे जाड तारा किंवा अधिक पेट्या लागतात आणि सुरुवातीचा खर्च वाढतो. दुसरा उपाय गळतीरोधक स्विचचा. ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी प्रत्येक छोट्या गटाला स्वतंत्र असावा. संपूर्ण उद्यानाला एकच स्विच दिला, तर एका दिव्यातील ओलीमुळे सारे दिवे पुन्हा पुन्हा बंद पडतात. मग त्रासलेला वायरमन तो स्विचच वळसा देऊन काढून टाकतो. सुरक्षेची साधने अशी निकामी होतात, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

धातू, भार आणि उष्णता

किनाऱ्यावरील शहरांत खारा वारा धातू खातो. ‘स्टेनलेस स्टील’ एवढ्या शब्दांवर समाधान मानणाऱ्या निविदेत साधारणपणे ३०४ प्रतीचे पोलाद पुरविले जाते. समुद्राजवळ ते काही काळातच तांबूस डागाळते. मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे पोलाद अशा हवेत अधिक टिकते आणि अर्थातच महाग असते. ॲल्युमिनियमचा डबा थेट ओल्या काँक्रीटला लागला, तर सिमेंटमधील अल्कली त्याला पोखरते. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसविले तर दोन धातूंच्या संपर्कातून गंज वाढतो आणि दोन वर्षांनी झाकण उघडायचे म्हटले तरी उघडत नाही. म्हणून जमिनीत कायम राहणारा बाहेरचा डबा मजबूत प्लास्टिकचा आणि आतला दिवा काढता-घालता येणारा, ही रचना अधिक शहाणपणाची ठरते.

भाराचा प्रश्न दुहेरी आहे. आघात सोसण्याची क्षमता ‘आयके’ श्रेणीने मोजतात. आयके १० म्हणजे २० ज्यूलचा आघात, ढोबळमानाने पाच किलोचे वजन चाळीस सेंटिमीटर उंचीवरून पडण्याइतका. पण आघात आणि वाहनाचा स्थिर भार या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोसायटीच्या ज्या मार्गावरून पाण्याचा टँकर किंवा अग्निशमन दलाची गाडी जाणार, तेथे आयके १०चा शिक्का पुरेसा नाही. किती किलो भार आणि किती वेगाच्या वाहनाचा, हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. शिवाय तो भार दिव्याने पेलायचा नसतो, भोवतीच्या भरावाने पेलायचा असतो. भराव खचला की काच कितीही जाड असली तरी तडकते.

एलईडी थंड असतो, हा समजही अर्धवट आहे. त्याचा प्रकाशझोत पूर्वीच्या दिव्यांसारखा भाजत नाही, पण त्याच्या पाठीमागे उष्णता निर्माण होतेच. हवेत असलेला दिवा ती वाऱ्यावर सोडतो. जमिनीतल्या दिव्याभोवती मात्र मातीचे आवरण असते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या फरशीत संध्याकाळी हा दिवा पेटतो, तेव्हा पुस्तकात लिहिलेले पन्नास हजार तासांचे आयुष्य किती उरते, हा प्रश्न विचारायला हवा. ते आयुष्य कोणत्या तापमानाला मोजले, हे माहितीपत्रकात असते. तेथे २५ अंश सेल्सिअस लिहिले असेल, तर तो आकडा विदर्भासाठी नाही.

प्रकाश पडतो कोठे?

दिवा टिकाऊ असला तरी तो योग्य ठिकाणी प्रकाश टाकतोच असे नाही. भिंतीच्या दगडाचा पोत उठून दिसावा असे वाटत असेल, तर अरुंद झोताचा दिवा भिंतीला अगदी लागून बसवावा लागतो. भिंत एकसारखी उजळायची असेल, तर तो भिंतीच्या उंचीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका दूर हवा. दहा अंशांचा झोत दहा मीटर उंचीवर जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचे वर्तुळ उजळवितो. चाळीस अंशांचा झोत त्याच उंचीवर सव्वासात मीटरपर्यंत पसरतो. खांबासाठी चाळीस अंशांचा दिवा लावला, तर खांबावर थोडा आणि आकाशात बराच प्रकाश जाईल, हे समजण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, हा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. उंच इमारतीचा माथा तळातून उजळविण्याच्या हट्टापायी तळाशी डोळे दिपविणारा झगमगाट होतो आणि माथा तरीही काळोखात राहतो.

महाराष्ट्रातील वास्तूंच्या बाबतीत दगडाचा विचार अटळ आहे. सह्याद्रीतील काळ्या बसाल्टवर टाकलेला बहुतांश प्रकाश दगडच गिळतो. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर बसाल्ट किंवा राजाबाई टॉवरचा फिकट पिवळा कुर्ला दगड मात्र उबदार पिवळ्या, २७०० ते ३००० केल्विन रंगतापमानाच्या प्रकाशात खुलतो. त्याच दगडावर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा झोत टाकला, तर तो मलूल आणि चुन्यासारखा दिसतो. रंग बदलणाऱ्या दिव्यांचा मोह तर याहून मोठा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिवजयंतीच्या सुमारास रायगडावर केलेल्या रंगीत रोषणाईवर तत्कालीन खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. वास्तूचे पावित्र्य आणि मंगल कार्यालयाची सजावट यांतील फरक प्रकाशयोजनेला कळायला हवा, हाच त्या वादाचा आशय होता. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांतील अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. तेथे रोषणाईची मागणी वाढली, तर जमिनीत दिवे पुरण्याचा अर्थ ऐतिहासिक थरांत खोदकाम करणे असा होतो, याचे भान ठेवावे लागेल. संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र कायद्याने प्रतिबंधित असते, ते याच कारणासाठी.

डोळे दिपण्याचा त्रास हा या दिव्यांचा अंगभूत दोष आहे. आपली भुवई आणि पापण्या वरून येणाऱ्या प्रकाशापासून डोळ्यांचे रक्षण करतात, खालून येणाऱ्या प्रकाशापासून नाही. पदपथाच्या मधोमध बसविलेला उघडा दिवा वृद्ध पादचाऱ्याला क्षणभर आंधळे करतो. नेमकी तीच पायरी चुकण्याची वेळ असते. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी बसविलेला, आतल्या आत झुकविता येणारा आणि खोल बसलेला झोत हा त्रास कमी करतो. पण वाटेवर चालणाऱ्याला वाट दाखविणे एवढाच हेतू असेल, तर गुडघ्याएवढ्या उंचीचा, खाली तोंड असलेला बुटका खांब अधिक उपयुक्त आणि कितीतरी स्वस्त पडतो.

आकाशाचा हिशेब

जमिनीतून वर फेकलेल्या प्रकाशापैकी जो भिंतीवर किंवा पानांवर पडत नाही, तो थेट आकाशात जातो. जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०११ ते २०२२ या काळात रात्रीच्या आकाशाची उजळण दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. जगभरातील नागरिकांनी नोंदविलेल्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवर हा निष्कर्ष आधारलेला आहे. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कृत्रिम प्रकाशाखालील फुलांकडे येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. झाडाच्या बुंध्याशी पुरलेला दिवा याच्या जोडीला मुळांवरही घाव घालतो. खड्डा आणि केबलची चर खणताना तुटलेली मुळे कोणी मोजत नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. त्याची चर्चा वृक्षतोडीच्या वेळी होते, मुळे तोडताना होत नाही.

यावर काही करता येत नाही, असे मात्र नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून इमारतींच्या दर्शनी भागाची रोषणाई उशिरात उशिरा मध्यरात्री एक वाजता बंद करणे बंधनकारक आहे. २०१८ च्या आदेशाने तेथील सार्वजनिक दिव्यांच्या रंगतापमानालाही ३००० केल्विनची मर्यादा घातली. दूर कशाला जायचे? जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ असे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. त्यासाठी लगतच्या गावांतील उघडे दिवे बदलून प्रकाश खाली टाकणारे दिवे बसविण्यात आले. म्हणजे, राज्यातील खेडी जे करू शकली, ते करणे महानगरांना अशक्य नाही. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय प्रकाश संहिता २०१० पासून उपलब्ध आहे. गरज आहे ती निविदेत तिचा उल्लेख करून कामाच्या वेळी ती उघडून पाहण्याची.

जबाबदारी कोणाची?

शहरी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ महापालिकेचा नाही. पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या पोडियमवर बागा फुलविल्या जातात आणि त्या बागांत असेच दिवे पुरले जातात. तेथे मातीचा थर उथळ असतो आणि त्याखाली जलरोधक आवरण व खाली वाहनतळ असतो. दिव्यासाठी किंवा केबलसाठी ते आवरण एका ठिकाणी भेदले गेले, तरी पुढील पावसाळ्यात खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकू लागते. गळतीचे मूळ शोधताना सारी बाग उकरावी लागते. अशा दोषांबाबत स्थावर संपदा कायदा, २०१६ मधील तरतूद महत्त्वाची आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील वा सेवांच्या तरतुदीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास, विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे. या तरतुदीचा उपयोग होण्यासाठी सोसायटीच्या हाती कागद हवेत. दिवे, केबल, पेट्या आणि निचऱ्याच्या नळ्या प्रत्यक्षात कोठे टाकल्या, याचा नकाशा ताब्याच्या वेळीच मागून घ्यावा. दिव्यांच्या चाचणीचे अहवाल आणि सुटे भाग कोठे मिळतील याची नोंदही त्याबरोबर घ्यावी.

खर्चाचा हिशेबही वेगळ्या पद्धतीने मांडायला हवा. अठरा वॅटचा एक दिवा रोज सहा तास चालला, तर वर्षाला सुमारे ३९ युनिट वीज लागते. शंभर दिव्यांचे चार हजार युनिटही होत नाहीत. विजेच्या बचतीचे आकडे दाखवून एक कंपनी दुसरीपेक्षा सरस ठरविणे म्हणजे मुख्य खर्चाकडे काणाडोळा करणे होय. खरा खर्च फरशी काढणे, मजूर लावणे, केबल शोधणे आणि पुन्हा फरशी बसविणे यात होतो. त्यामुळे स्वस्त दिवा दोनदा बदलला, की तो महाग दिव्यापेक्षा महाग पडतो. दोषदायित्वाचा कालावधी किमान दोन पूर्ण पावसाळ्यांचा असावा, अनामत रकमेचा भाग तोवर रोखून ठेवावा आणि मोठी खरेदी करण्यापूर्वी चार-सहा दिवे नमुन्यादाखल बसवून एका पावसाळ्यात पारखावेत, असे साधे नियम सुशोभीकरणाच्या निविदांत आले, तरी पुष्कळ काही साधेल. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम मागाहून सुरू होते, ही पद्धत मात्र त्यासाठी सोडावी लागेल.

प्रकाशयोजनेतील पहिला प्रश्न ‘कोणता दिवा?’ हा नसतो. येथे प्रकाश हवा आहे का, आणि हवा असल्यास तो वरून, बाजूने किंवा कमी उंचीवरून देता येईल का, हे आधी पाहावे लागते. या सर्वांचे उत्तर नकारार्थी आले, तरच जमीन खणण्याला अर्थ उरतो. वारसा वास्तूच्या भिंतीला धक्का न लावता तिचे सौंदर्य दाखवायचे असेल, अशा मोजक्या ठिकाणी हा दिवा अगदी योग्य आहे. तेथे तो उत्तम प्रतीचा, कमी व्होल्टचा, नेमक्या झोताचा आणि रात्री ठरावीक वेळी विझणारा असावा. इतरत्र त्याची निवड हौसेपोटी होत असेल, तर ती हौस पावसाळ्यागणिक फेडावी लागते. शहरांच्या तिजोरीत तेवढी उसंत नाही, आणि पाणी साचलेल्या पदपथावरून चालणाऱ्या नागरिकाच्या जिवाची किंमत तर कोणत्याही रोषणाईहून मोठी आहे.